रेघवाले साहेब

ज्या घरावर खूण केली, त्या घरात रेघवाले साहेब कधी बसायचे नाहीत. चहा घ्यायचे, पण उभ्यानं, दाराबाहेर, एक हात भिंतीला टेकून. वारज्यात हायवेच्या कडेची आमची सगळी ओळ त्यांनी लाल रंगानं खुणावलेली, आणि त्या ओळीतल्या प्रत्येक दारात ते असे उभे राहिलेले. मला आधी वाटलं, पेठेतला माणूस, आमच्याकडं बसायला कमीपणा वाटत असेल. एकदा सरळच विचारलं, "साहेब, बसत का नाही? मूळव्याध आहे का?" ते म्हणाले, "देवाच्या दयेनं ती नाही. पण ज्याचं घर पाडायचं म्हणून लिहून न्यायचं, त्याच्याच खुर्चीवर बसायला तोंड लागतं. ते माझ्याकडं नाही."

मी चौथी शिकलेला माणूस. सगळं आयुष्य पंक्चर काढण्यात गेलं. लिहायचं तर खरं शालनवर, माझ्या बायकोवर लिहायला हवं. ती जाऊन दीड वर्ष झालं. पण तिच्यावर लिहायला बसलं की पहिल्या ओळीपुढं हात जात नाही. म्हणून साहेबांवर लिहितो. त्यांच्यात ती येतेच.

साहेब रस्त्याच्या खात्यात मोजणीदार. हायवे रुंद करायचा आराखडा निघाला तेव्हा पहिल्यांदा आले. बुटके, डोक्याला हातरुमाल, खांद्याला कापडी पिशवी, हातात स्टीलची फीत. सकाळी सातला यायचे आणि ऊन चढायच्या आत मोजणी उरकायचे. "उन्हात फीत लांबते. दुपारची फीत खोटं बोलते," म्हणायचे. प्रत्येक माप दोनदा घ्यायचे. शेजारच्या डेअरीवाल्यानं त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "साहेब, रेघ दोन फूट पलीकडं सरकवा की. तुमचं काय जातंय?" साहेब म्हणाले, "माझं काहीच जात नाही. पलीकडच्याचं दोन फूट जातं." डेअरीवाला परत त्या वाटेला गेला नाही.

आमचं घर म्हणजे पुढं दुकान, मागं स्वयंपाकघर, आणि बाहेरून लोखंडी जिना चढून वर दोन खोल्या. संडास-मोरी वरच. साहेबांची पहिली रेघ गेली ती बरोबर दुकान आणि स्वयंपाकघर यांच्या मधून. दुकान जाणार, चूल राहणार. शालननं ते नीट समजून घेतलं. दुसऱ्या खेपेला साहेब आले तर तिनं स्टूल उचललं, स्वयंपाकघरात ठेवलं आणि म्हणाली, "भाऊजी, हितं तुमची रेघ न्हाई. हितं बसायला काय हरकत हाय?" साहेबांनी खिशातून कागद काढला, बघितला, फीत लावली. खरंच रेघेच्या चार फूट आत. मग बसले. तिनं गरम कांदापोहे दिले. त्यांनी दोनदा मागून घेतले. जाताना मला म्हणाले, "तुमच्या घरात कायदा कळणारं माणूस एकच आहे, आणि ते तुम्ही नाही."

तीन-चार वर्षांनी आराखडा बदलला. आता म्हणे सहा पदरांनी भागणार नाही, कडेनं गावातल्या गाड्यांसाठी वेगळा रस्ता पाहिजे. नवी रेघ स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर. साहेब रंगाचा डबा घेऊन आले तेव्हा शालन म्हणाली, "आता कुठं बसनार भाऊजी? मागच्या विहिरीवर?" साहेब हसले नाहीत. चहा उभ्यानं घेतला आणि अर्धा टाकला.

त्यानंतरही रेघ दोनदा हलली. रस्ता मात्र होता तिथंच. दर वेळी डांबराचा नवा थर यायचा, हायवे वर चढायचा आणि आमचं घर खाली जायचं. संध्याकाळी गाड्या अशा तुंबायच्या की बसमधली माणसं आमच्या दुकानातला टीव्ही बघत बसायची. एकानं तर खिडकीतून ओरडून सांगितलं, "काका, जरा आवाज वाढवा!" शालननं वाढवला. म्हणाली, "तेबी अडकलेत, आपणबी अडकलोय. बघू द्या की."

अडकलो होतो हे खरं. घर विकायला काढावं, तर गिऱ्हाईक खूण बघून गाडीसुद्धा बंद करायचं नाही. दुरुस्तीला कर्ज मागावं, तर बँकवाला नकाशा दाखवायचा. सोडून जावं, तर भरपाईवर पाणी सोडायचं. मी साहेबांवर चिडायचो. "अहो, एकदाचं पाडा तरी!" साहेब शांतपणे सांगायचे, "रेघ मारायला रंग लागतो, तो माझ्याकडं आहे. रस्ता करायला निधी लागतो. आणि तो म्हणजे तीन भावांतलं लग्न. थोरला म्हणतो, मी मांडव घालतो, जेवण मधल्यानं द्यावं. मधला म्हणतो, जेवण देतो, पण जागा धाकट्यानं मोकळी करून द्यावी. धाकटा म्हणतो, माझ्याकडं आहे काय? मग सगळे मिळून कर्ज देणाऱ्याकडं जातात. तो म्हणतो, आधी नवीन आराखडा करून आणा. की मी आलोच, डबा घेऊन."

"आणि नवरी?" शालननं विचारलं.

"नवरी तुम्हीच, वहिनी. हळद लावून बसलेल्या."

त्यांचं एक वाक्य आम्हाला पाठ झालं होतं. कधीही विचारा, म्हणायचे, "कागद पुढं गेलाय. दिवाळीनंतर काम सुरू होईल." थापा मारत नव्हते. त्यांना तसंच वाटायचं. कागदावर त्यांचा विश्वास होता, आमचा नागोबावर असतो तसा.

याच विश्वासानं आमचं वाटोळं झालं. शालनचे गुडघे गेले. लोखंडी जिना चढताना प्रत्येक पायरीवर ती "आई गं" म्हणायची, आणि दुकानात मला ते मोजता यायचं. चौदा पायऱ्या. मी ठरवलं, स्वयंपाकघराच्या मागं खालीच संडास-मोरी बांधू. गवंडी ठरवला. तेवढ्यात साहेब आले. बघून तिथंच थांबले. म्हणाले, "अजिबात करू नका. विटेला वीट लावू नका. पंचनाम्याला लोक आले आणि नवीन बांधकाम दिसलं, तर त्याचं काही मिळणार नाहीच, वर भरपाईसाठी वाढवलं म्हणून जुन्याचीही फाइल अडकवतील. मी बघितलंय असं होताना. सहा महिने कळ काढा. दिवाळीनंतर—"

मी गवंडी परत पाठवला. नियम त्यांना माहीत, आम्हाला काय माहीत? सहा महिने झाले. मग वर्ष. मग मोजायचं सोडून दिलं.

शालननं आपल्यापुरता उपाय काढला. मला कळलाही नाही. तिनं पाणी पिणं कमी केलं. सकाळी चहा, दुपारी जेवताना एक भांडं, आणि उन्हं कलली की घोटसुद्धा नाही. पाणी प्यायलं की जिना चढावा लागतो. इतका साधा हिशोब. शेजारपाजारच्या बायकाही तेच करतात, हे मला नंतर कळलं. पाय सुजले, अंगात ताप राहायला लागला, तेव्हा डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरीण बाई तिला म्हणाली, "मावशी, पाणी किती पिता?" शालन माझ्याकडं बघायला लागली, जशी काही चोरी पकडली गेली. मूत्रपिंडं कामातून गेली होती. नुसत्या पाण्यामुळं नसेलही, साखरही होती तिला. एक डॉक्टर एक सांगतो, दुसरा दुसरं सांगतो. मला जे कळायचं ते कळलं. आठ महिन्यांनी ती गेली.

दहाव्याला साहेब आले. तेव्हा ते रिटायर झाले होते. दारात उभे राहिले. मी लोकांसमोर बोललो, "साहेब, तुमचं ऐकलं. म्हणून मेली ती." मला वाटलं, आता नियम सांगतील, माझी चूक नाही म्हणतील. त्यांनी नुसते हात जोडले आणि गेले. नंतर आमच्या ओळीतल्या लोकांनी सांगितलं, त्या आठवड्यात ते रोज येत होते. माझं दार सोडून प्रत्येक दारात जाऊन सांगत होते, "जे लागतं ते बांधून घ्या. संडास बांधा, पायऱ्या करा. रस्ता येईल तेव्हा येईल." डेअरीवाला म्हणाला, "साहेब, नियमाचं काय?" तर म्हणे, "नियम मी सांगितला होता. ऐकणाऱ्यांचं काय झालं ते बघितलंत ना?" मग तेही यायचे बंद झाले.

गेल्या हिवाळ्यात नवी माणसं आली. दोन मुली, तीन पायांच्या तिकाटण्यावर यंत्र, हातात फीत नाही. नव्या आराखड्यात म्हणे वरून पूल जाणार. त्यातली एक माझ्या घराकडं बघून म्हणाली, "काका, टेन्शन नका घेऊ. तुमचं घर लाइनच्या बाहेर गेलं. फक्त फंडिंग फायनल व्हायचंय." माझ्या अंगाचा भडका उडाला. बाहेर गेलं! त्याच दिवशी दुकान बंद केलं, पत्ता शोधला आणि सदाशिव पेठेत साहेबांच्या घरी गेलो. त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं, तुमची रेघ खोटी निघाली म्हणून.

गल्लीतली जुनी भाड्याची इमारत. दुसरा मजला. जिन्याला कठड्याऐवजी दोरी. वरच्या खोलीत छताला प्लॅस्टिक ताणलेलं, भिंतीला लाकडी टेकू. साहेब खाटेवर होते, अर्ध्यावर आलेले, अर्धांगानं एक हात गेलेला. त्यांची बायको मला ओळखत नव्हती, तरी म्हणाली, "बसा हो. पसारा आहे. पण दुरुस्त तरी काय करायचं? ही इमारत रस्तारुंदीच्या रेघेत आहे. आमचं लग्न झालं तेव्हापासून. हे म्हणतात, कशाला खर्च करायचा, दिवाळीनंतर पाडणारच आहेत."

मी साहेबांकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणजे ह्या माणसानं आम्हाला जे सांगितलं, ते तो स्वतः चाळीस वर्षं पाळत होता. जे बोलायला आलो होतो ते बाजूला ठेवून मी वहिनींना विचारलं, "संडास कुठंय तुमचा?"

त्या दचकल्या. "खाली. चौकात."

"मग पाणी पिता का नीट?"

त्या लाजल्यासारख्या हसल्या. "कमीच पिते हो. दोन मजले उतरायचे, चढायचे..."

साहेबांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यांचा चांगला खांदा हलत होता.

दुसऱ्या दिवशी मी माझाच गवंडी घेऊन गेलो, तोच, परत पाठवलेला. खोलीच्या मागच्या कोपऱ्यात आडोसा काढला, मागच्या भिंतीनं पाइप खाली उतरवला. घरमालक बोंबलत आला, "कुणाला विचारून?" मी म्हटलं, "रेघेला विचारून. पाडायचीच आहे ना इमारत? मग तुमचं काय जातंय?" चार दिवस काम चाललं. साहेब खाटेवरून बघायचे. चौथ्या दिवशी जड जिभेनं म्हणाले, "हे... अनधिकृत आहे." मी म्हटलं, "असू दे." त्यांनी उभ्या केलेल्या दाराकडं बघितलं. मग म्हणाले, "दार... बाहेर उघडणारं लावा. आत पडलं माणूस तर... काढता येतं." मी बिजागऱ्या फिरवून घेतल्या. माफी त्यांनी मागितली नाही, मीही दिली नाही. पण निघताना त्यांनी चांगला हात पुढं केला, तो मी बराच वेळ सोडला नाही.

उन्हाळ्यात ते गेले. हायवेचं काम अजून सुरू नाही. परवा पेपरात आलंय, निधीचा प्रस्ताव पुन्हा वर गेला.

वहिनींचा अधूनमधून संध्याकाळी फोन येतो. इकडचं तिकडचं काही नाही. त्या एवढंच सांगतात, "भाऊजी, आज दोन तांबे प्यायले."

मी म्हणतो, "अजून एक प्या."