नारिंगी जाळ

चौथी शिकलेला माणूस मी, पण जाळाचा रंग मला कळतो. आमच्या गडब गावात भातकापणी उरकली की वीटभट्टी लागायची आणि मालक भट्टीच्या तोंडाशी मलाच बसवायचा. जाळ लाल दिसला तर विटा कच्च्या राहणार. नारिंगी आला की बरोबर. पांढरट झाला तर विटा वितळून एकमेकींना चिकटल्याच समजा. उष्णता मोजायचं यंत्र तिथं कुणी आणलं नाही. लागलंच नाही कधी.

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. मुलगी दोन दिवस राहायला आली होती. ती रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात राहते, रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. दिवेलागणीला अंगणात बसून उद्याचा धडा मला वाचून दाखवत होती. बापाला एकटं वाटू नये म्हणून. दुसरं काय?

"बाबा, तारेपण रंगावरून ओळखतात. सूर्यापेक्षा जरासे थंड, ते नारिंगी."

"हे सांगायला कॉलेज लागतं व्हय?"

ती हसली. म्हणाली, हे तारे सूर्यापेक्षा थोडे लहान असतात, जळण पुरवून पुरवून खातात. सूर्य विझेल तरी हे जळतच राहतील. बारक्या लाल ताऱ्यांसारखे सारखे खवळत नाहीत. त्यांच्याभोवती कुठं जीव जन्मला, तर त्याला वाढायला वेळ मिळेल.

मी रोहिणीकडं बोट केलं. "ती बघ नारिंगी."

"ती नाही बाबा. ती म्हातारी, फुगलेली. पोटातलं मुख्य जळण संपलंय तिचं. मी सांगते ते इतके मंद, की बहुतेक डोळ्यांना दिसतच नाहीत."

"म्हणजे म्हातारा फुगलेला तेवढा दिसतो, आन् चांगला तो दिसत नाय. आपल्या घरासारखंच."

"मंद म्हणजे वाईट नाही. मंद असतं तेच टिकतं."

तिनं धड्यातलंच सांगितलं, पण मला सहन झालं नाही. मी बोलून गेलो, "तुझ्या आईला महिनाभर मंदच ताप होता."

तिला हे ठाऊक नव्हतं. चार दिवसांच्या तापानं गेली, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. तिलाही.

रोज संध्याकाळी बायको म्हणायची, "अवो, हात लावून बघा जरा." मी कपाळाला हात लावायचो. भट्टीवर भाजून भाजून तळव्याचं चामडं झालेलं, त्या हाताला काय कळणार? मी सांगायचो, "काय नाय गो, मंद हाय. जाईल." तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, कारण उष्णतेतलं मला कळतं असं सगळं गाव म्हणायचं. पेणला नेली तेव्हा डॉक्टर छातीचा फोटो बघून मलाच म्हणाला, इतके दिवस काय करत होता?

मुलीनं वही मिटली. "मला का नाही कळवलंत?"

"तू रजा टाकून आली असतीस."

"आले असते," ती म्हणाली. सकाळच्या पहिल्या एसटीनं गेली.

पुढच्या रविवारी आली ती थर्मामीटर घेऊन. फळीवर ठेवला, कसा लावायचा ते दोनदा सांगितलं. ताऱ्यांचं नाव नाही, आईचंही नाही. आता रोज फोनवर एवढंच विचारते, "ताप बघितलात?"

बघितला, म्हणतो. थर्मामीटरची डबी मी अजून उघडलेली नाही.