जावईबापूंनी नेलेलं कार्ड

इकडे ये, अशी जवळ बस. येतेस कधीतरी, अन् चप्पल काढत नाईस तोच बस पकडायची घाई. वरून सांगून राह्यली का घराले रंग देतो, बाबांच्या बैठकीतली ती क्रिकेटवाल्याची फ्रेम काढून टाकतो, आत काई उरलं नाई म्हणून. मामीले आधी विचारायचं तरी, बाई.

त्या फ्रेमीतलं कार्ड माझं आहे.

तू जन्मली नव्हती तेव्हा. आम्ही घुग्घुसले खाणीच्या क्वार्टरात राहायचो. तुझे मामा पाळीवर, मी चुलीजवळ, अन् फळीवर रेडिओ. कॉमेंटरी ऐकता ऐकता पोळी करपायची. तुझी आजी म्हणे, "सूनबाई, तो आऊट झाला का तुझी पोळी?" तेव्हा बबलगमच्या पुड्यात खेळाडूंची कार्डं निघत. कोळशाच्या धुळीनं काळी होऊ नयेत म्हणून मी ती ब्लाउजपीसच्या घडीत ठेवायची.

कॉलनीतल्या टेलरचा साळा नागपूरच्या एका हॉटेलात वाढपी होता. टीम तिथी उतरली का तो एखाद्या खेळाडूच्या खोलीत जेवण नेई, अन् जेवण झाल्यावर, मूड पाहून, कार्डांचा गठ्ठा पुढे ठेवून सह्या घेई. नियम एकच, घरटी एक कार्ड. मी माझा फिरकीवाला दिला. टेलरले म्हटलं, "भाऊ, सही चेंडूच्या खाली, पांढऱ्या जागेत पाहिजे म्हणा. तोंडावर नको."

"बाई, तो काई माझ्याजवळ ब्लाउज शिवाले येऊन राह्यला का, माप सांगाले?"

पण कार्ड परत आलं तं सही बरोबर चेंडूच्या खाली. निळी, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली. भाजीत मीठ किती टाकू, हेही माझ्या हातात नव्हतं तेव्हा. अन् एवढ्या मोठ्या माणसानं माझं ऐकलं होतं.

त्याच आठवड्यात तुझे बाबा आले. नवे जावई, लग्नानंतरचा पहिला अधिक महिना, धोंडे खायाले बोलावलेलं. रेडिओले टेकवलेलं कार्ड त्याईनं हातात घेतलं. "खरी सही आहे का?"

आजी म्हणाली, "आवडलं ना जावईबापू, मंग घेऊन जा."

त्या महिन्यात जावयाले आवडलेली वस्तू आमच्यात परत ठेवत नाईत. मी अनारशाचं ताट घेऊन उभी. मामांकडे पाहिलं. ते वरणात पाहून राह्यले होते. मंग मीच कार्ड पुसलं अन् कागदात बांधून दिलं.

गडचिरोलीले तुमच्याकडे आली का पाहायची. खिडकीसमोर फ्रेम, दुपारचं ऊन थेट तिच्यावर. दरवेळी सही आणखी फिकी. एकदा धीर करून म्हटलं, "भाऊजी, इथी ऊन लागते त्याले."

"म्हणूनच तं इथी लावलं, वहिनी. आल्यागेल्याले दिसलं पाहिजे."

प्रेमानंच लावलं होतं त्याईनं. मी चहा पिऊन घरी यायची. आधी नाव गेलं, मंग नुसती शेपटी राहिली.

आता तुझे बाबा नाईत, आजीही नाई. ते कार्ड परत मागाले कोणाचा मान आडवा येत नाई, तं मागाले काई उरलं नाई म्हणतेस. तरी एक कर. ते फेकू नको. चेंडूच्या खाली पेनाचा दाब असन अजून. मले चष्मा लावूनही दिसणार नाई, पण बोट ठेवलं तं लागन कदाचित. रंगाचं काम होत राहीन. तू कार्ड घेऊन ये, लवकर ये, अन् यावेळी चप्पल आत काढ.