नणंदेचा हार आणि श्रावणातली अंडी

काळी पडलेली वस्तू मी घरात ठेवत नाही.

त्यामुळे माझ्या लेकीच्या, तन्वीच्या कार्यक्रमासाठी मागून आणलेला माझ्या नणंदेचा चांदीचा हार मी नीट पाहिला, तेव्हा मला त्याची दयाच आली. काय तो काळा! नणंद, म्हणजे सुनीता, रोह्याला असते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळात तिचा नाच होता आणि त्यात तिला हाच हार घालायचा होता. म्हटलं, लख्ख करूनच परत द्यावा.

अकरावीतली आमची तन्वी शेजारी आवर्तसारणी घोकत बसली होती. "तांबं, चांदी, सोनं एकाच गणात."

"मग तांब्याची चिंच चांदीला चालेल!"

नाही चालली.

"आई, एका गणातली म्हणजे जावा, जुळ्या बहिणी नव्हेत," ती मान वर न करता म्हणाली. "तांबं हिरवं पडतं, चांदी काळी. सोन्याला काही होत नाही." (पुढे तिने मला पहिल्या गणात टाकलं, सोडियमजवळ: पाणी लागलं की भडका! तिचे बाबा शेवटच्या गणात, निष्क्रिय वायूंमध्ये. ते पेपर वाचत होते. वाचतच राहिले.)

मी हार न मानता ॲल्युमिनियमच्या पातेल्यात पाणी, मीठ आणि सोडा उकळला आणि हार आत सोडला. काय जादू! हार पांढराशुभ्र, पातेलं काळं!

तन्वी किंचाळली, "आई! आत्याचा ऑक्सिडाइज्ड हार धुतलास?"

"मळ काढला."

"तो मळ नव्हता! तो रंग मुद्दाम दिलेला असतो! नाचात सगळ्यांचे हार काळेच ठरलेत!"

मी डगमगले नाही. नावातच ऑक्सिजन आहे, तेव्हा हार गच्चीवर वाऱ्याला ठेवू म्हटलं.

"नावात ऑक्सिजन, पण काळं करतं गंधक. दोघं एकाच गणातले."

"मग स्वभाव एकच असेल."

"ऑक्सिजन हायड्रोजनला भेटला की पाणी होतं. गंधक भेटलं की कुजक्या अंड्यांचा वास."

हे मला फारच आवडलं. एकाच घरचे दोघे. एकाने हंडा भरावा, दुसऱ्याने नाक धरायला लावावं! पण हे गंधक आणायचं कुठून?

"उकडलेल्या अंड्यात असतं," तन्वी म्हणाली.

अंडी! आमच्याकडे! श्रावणात!

पदराआड तीन अंडी आणली. उकडली, गरम असतानाच कुस्करली आणि डब्यात हाराशेजारी ठेवून झाकण लावलं. तेवढ्यात सासूबाई दारात.

"काय गो, अंडी शिजवतंस?"

"नाय आई, रसायन आहे."

"रसायनाला बलक असतो व्हय?"

खरं सांगितलं असतं, तर हाराची बातमी माझ्याआधी रोह्याला पोचली असती. डब्याचं झाकण आणखी घट्ट दाबलं.

हार मात्र झकास काळा झाला! दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने निघाले. हार दोनदा धुतला होता, तरी शेजारच्या बाईंनी पिशवीकडे पाहून खिडकी उघडली.

सुनीताने हार घेतला आणि गळ्यात घालून आरशात पाहिलं.

"छान दिसतोय. वयनी, आधी आत चला."

तिने मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून घेतलं. गेलं सगळं, मी म्हटलं! तिने ताटलीवरचं झाकण काढलं. आमलेट!

"आईचा फोन आलेला," ती हळूच म्हणाली. "लाजू नका. आमच्याकडं श्रावण कोण पाळत नाय. एवढी इच्छा झाली तर चोरून कशाला खायची?"

लग्न झाल्यापासून श्रावणात मी अंड्याला तोंड लावलेलं नाही. पण 'नको' म्हटलं की, मग ती तीन अंडी कुणासाठी हे सांगणं आलं. आणि हार तर तिच्या गळ्यात!

सोडियमबाई आयुष्यात पहिल्यांदा उठल्या आणि मुकाट्याने निष्क्रिय वायूंत जाऊन बसल्या. आमलेटवर थोडी कोथिंबीर तेवढी मागितली.