भिंगरीला मिळालेली प्रॉम्प्टर

त्याला सगळे भिंगरी म्हणत. आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव शाळेच्या दाखल्यावरच राहिलं आणि हे अंगाला चिकटलं, कारण मिसरूड फुटल्यापासून हा माणूस गोल गोल फिरत होता. शहराबाहेर शर्यतीचा ट्रॅक होता. आठवडाभर हा गॅरेजात लोकांच्या गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करी आणि सुट्टीच्या दिवशी त्या ट्रॅकवर जाऊन ब्रेक न लावण्याची कला शिके. “दुसऱ्यांना थांबवतोस आणि स्वतः थांबत नाहीस,” असं त्याची बायको म्हणायची. तिला तसं म्हणायचा पूर्ण हक्क होता, कारण त्यांची पहिली भेट एक्स-रेच्या खोलीत झाली होती. ती एक्स-रे काढणारी आणि हा खांद्याचं हाड मोडून आलेला.

ते हाड मोटरसायकलच्या शर्यतीत मोडलं होतं. त्याआधी तो गो-कार्ट चालवायचा. जमिनीवर बसून पळावं तशी ती इवलीशी गाडी. मोटरसायकल सुटली तेव्हा एक हंगाम ट्रक पळवून झाला. दुमजली घराला चाकं लावून वळवावं तसा तो प्रकार. मग मात्र तो मोटारीच्या शर्यतीत स्थिरावला. प्रत्येक वेळी वाहन बदललं की भिंगरी पुन्हा नवखा व्हायचा, सगळ्यांच्या मागे राहायचा, गाडीमालकांच्या शिव्या खायचा आणि घरी येऊन मिटक्या मारत सांगायचा की आज काहीच जमलं नाही. काहीच न जमण्याचा एवढा आनंद झालेला दुसरा माणूस त्या गल्लीत नव्हता.

वाहनं चार झाली, पण ट्रॅक एकच. ठरावीक वळणं, तीच फेरी, पुन्हा तीच. ठरलेल्या पाटीपाशी ब्रेक, ठरलेल्या खांबापाशी वळण. एखादं वळण चुकलं तरी फिकीर नसे, पुढच्या फेरीत ते पुन्हा भेटायचंच. रोज रात्री तेच नाटक करणाऱ्या नटासारखा तो त्या ट्रॅकमध्ये मुरला होता. झोपेत विचारलं असतं तरी त्यानं वळणं म्हणून दाखवली असती.

आणि एके दिवशी ते थिएटरच बंद झालं. ट्रॅकची जागा गोदामांसाठी गेली. भिंगरी चाळिशी ओलांडलेला. कुणी म्हणालं, आता पुरे. दोन आठवडे नवरा चहात बिस्कीट बुडवून ते विरघळेपर्यंत बघत बसतो, हे बायकोला दिसत होतं.

तेव्हा टायरवाले काका धावून आले. टायरच्या दुकानाचे मालक, पोट पुढे आणि मन त्याहून पुढे. त्यांच्याकडे रॅलीची एक जुनी गाडी होती. रॅली म्हणजे ट्रॅक नव्हे. डोंगरातला कच्चा रस्ता शर्यतीपुरता बंद करतात आणि एकेक गाडी सोडतात. समोर कुणी नाही, मागे कुणी नाही, भांडण फक्त घड्याळाशी. काकांनी अट साफ सांगितली. ही एक रॅली चालव. संध्याकाळी गाडी आपल्या चाकांवर आली आणि निकालात पहिल्या निम्म्यांत दिसली, तर पूर्ण हंगाम तुझा. नाहीतर गाडीला गिऱ्हाईक तयार आहे. दुसरी गाडी कुणी देणार नव्हतं, हे भिंगरीला ठाऊक होतं.

रॅलीत शेजारी एक साथीदार लागतो. शर्यतीआधी रस्ता सावकाश पाहून दोघं मिळून प्रत्येक वळणाची टिपणं काढतात आणि शर्यतीत साथीदार ती वाचून दाखवतो. डावं की उजवं, आणि एक ते सहा आकडा. एक म्हणजे गाडी पिळून वळवायची, सहा म्हणजे वळण असल्याचा नुसता भास. बायको बसायला तयार होती, पण चालत्या गाडीत फोनवरचा निरोप वाचला तरी तिला मळमळायचं. ओळखीतले दोन साथीदार आधीच दुसऱ्या गाड्यांत बसलेले. जेवणाच्या टेबलावर ही रडकथा चालली असताना कोपऱ्यातून आवाज आला.

“मी वाचेन की.”

आवाज सासूबाईंचा होता. त्या एका नाटक कंपनीत आयुष्यभर प्रॉम्प्टर होत्या. विंगेत स्टुलावर बसायचं, मिणमिणत्या दिव्यात संहिता धरायची आणि नट अडखळला की पुढचं वाक्य असं पुरवायचं की नटाच्या कानात पडावं, पहिल्या रांगेत पडू नये. दौऱ्यावर घाटातल्या वळणांवर, कंपनीच्या खडखडणाऱ्या बसमध्ये त्यांनी अख्खी नाटकं वाचून काढली होती. पोट कधी ढवळलं नाही. साठी उलटली तरी डोळे असे, की सुईत दोरा ओवायला शेजारणी यायच्या.

भिंगरीनं बायकोकडे पाहिलं. बायकोनं ताटाकडे पाहिलं. सासूचं ऐकत गाडी चालवायची, आणि तीही हौसेनं. गॅरेजात कळलं तेव्हा पोरांनी दोन दिवस काम केलं नाही, नुसती हसत होती.

सरावाला बायको मागच्या सीटवर, टोपलीत चहाचा थर्मास. सासूबाईंची वाणी शुद्ध, पण रीतभात मोठी. “जावईबापू, पुढे जरा डावीकडे वळण आहे हं,” असं त्या सांगू लागल्या. मागून लेक म्हणाली, “आई, तुझं जावईबापू म्हणून होईपर्यंत वळण मागे गेलं.” ‘जावईबापू’ हा शब्द सासूबाईंनी तिथेच गाडीतून उतरवला. बोट ओलं करून पान उलटायची त्यांची जन्माची सवय. हेल्मेटमध्ये बोट तोंडापर्यंत पोचेना, तेव्हा पोस्टात तिकिटं ओली करायला ठेवतात तसला स्पंज त्यांनी गुडघ्यापाशी बांधून घेतला. टिपणं त्यांनी संहितेसारखीच लिहिली, टपोऱ्या अक्षरात, विरामाच्या जागांसकट.

शर्यतीच्या सकाळी हवा कोरडी होती. टप्पे तीन. पहिल्या टप्प्याला झेंडा पडला आणि गाडी उधळली. कानातल्या यंत्रातून सासूबाईंचा आवाज आला. “उजवं पाच.” भिंगरीनं उजवं पाच घेतलं. “डावं चार.” डावं चार घेतलं. असं पाचसहा वळणं चाललं, आणि मग आवाज थांबला.

भिंगरीला ते खटकलंसुद्धा नाही. सरावात दोनदा पाहिलेला रस्ता त्याला तोंडपाठ झाला होता, निदान त्याला तसं वाटत होतं. जन्मभर ट्रॅकवर काढलेला माणूस. दोन फेऱ्यांत कुठलाही ट्रॅक त्याच्या हातात यायचा. पण ट्रॅकला वळणं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, आणि इथे डोंगरभर. त्यात प्रत्येक वळणावर तेच काटेरी झुडूप, तोच लाल मातीचा कठडा. एका झुडपाशी त्याच्या डोक्यातली दोन वळणं एकमेकांच्या जागी जाऊन बसली. सहा समजून तो सुसाट गेला. शेजारून अगदी हळू, पहिल्या रांगेला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, “डावं दोन” असं आलं आणि गाडी मातीच्या कठड्यात नाक खुपसून उभी राहिली.

बघायला आलेल्या लोकांनी गाडी ढकलून बाहेर काढली. काहींनी टाळ्याही वाजवल्या. टप्प्याचा उरलेला रस्ता दोघं वळणांपुरतंच बोलत आले.

दुरुस्तीच्या तंबूत बायको हातोडी घेऊन वाकलेला बंपर सरळ करायला बसली. काका पाठीमागे हात बांधून गाडीचं चेपलेलं नाक बघत उभे राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नाव निकालाच्या तळाशी गेलं होतं. भिंगरी उलट्या बादलीवर बसला. शेजारी खुर्चीवर सासूबाई, हेल्मेट मांडीवर.

“तुम्ही गप्प का झालात?” त्यानं विचारलं.

“तुम्हाला येत होतं म्हणून.”

“म्हणजे?”

“बोलत्या नटाला प्रॉम्प्ट करू नये, चिडतो तो. तुम्ही सुरात होतात. मी बोट ठेवून होते ओळीवर. अडखळलात की सांगणार होते.”

“पण मी अडखळलो म्हणजे कठड्यात गेलो.”

“ते कळलं मला,” सासूबाई म्हणाल्या, “कठड्यात मीही होते.”

बायकोची हातोडी थांबली. तिला हसू आवरेना, आणि ते पाहून बादलीवरच्यालाही आवरेना. हसून झाल्यावर त्यानं कबूल केलं की तो ऐकतच नव्हता. पाठ केलेलं म्हणत होता. सासूबाईंनी मान हलवली. मग त्यांनी एका रात्रीची गोष्ट सांगितली. दौऱ्यावर असताना मुख्य नट तापानं फणफणला आणि नाट्यगृह तर भरलेलं. कंपनीचे पोशाख सांभाळणारा कपडेपटवाला अंगानं त्याच्याच मापाचा, म्हणून त्यालाच उभा केला. त्याला एक ओळ येत नव्हती. त्या रात्री सासूबाईंनी तीन अंकांचं अख्खं नाटक त्याच्या कानात सांगितलं, प्रत्येक वेळी अर्धं वाक्य पुढे राहून. तो बोलत असायचा तेव्हा त्या त्याच्या पुढचं बोलत असायच्या.

“आणि?” भिंगरीनं विचारलं.

“लोकांना तो त्या नटापेक्षा बरा वाटला. त्याला येत नव्हतं ना, म्हणून ऐकत होता बिचारा.” त्यांनी हेल्मेट उचललं. “तुम्ही आता कपडेपटवाले व्हा.”

दुसऱ्या टप्प्याला सासूबाई मोकळ्या आवाजात बोलू लागल्या. इतकी वर्षं कुजबुजीत दडवलेला तो आवाज चांगलाच खणखणीत निघाला. भिंगरी ऐकत होता, पण डोक्यातलं पाठांतर मध्ये मध्ये तोंड घालत होतं. सासूबाई म्हणायच्या पाच आणि आतून कुणी म्हणायचं थांब, इथे तर कठडा आहे. ॲक्सिलरेटरवरचा पाय अर्धवट उचलला जायचा. तरी टप्पा निभावला. नाव तळातून थोडं वर सरकलं, पण निम्म्याच्या खालीच. उरला एक टप्पा.

त्या टप्प्याला वारा पडला होता. आधी गेलेल्या गाडीची धूळ रस्त्यावर तशीच तरंगत राहिलेली, आणि कलतं ऊन त्या धुळीत शिरून सगळी काच पिवळी करून टाकलेलं. समोर जणू पडदा पडला होता. भिंगरीला ना झुडूप दिसत होतं ना कठडा. पाठ केलेलं म्हणायचं तरी कशावरून? राहिला तो फक्त आवाज. “डावं पाच. उजवं चार, आखडतंय.” तो वळवत गेला आणि धुळीतून रस्ता बरोबर तिथेच निघत गेला.

मग चढ आला. “उजवं सहा, उंचवट्यावरून. सोडू नका.”

आतून सगळं अंग म्हणालं, सकाळीही सहाच समजून घुसलो होतो. पाय उचलायला लागला. आणि तेवढ्यात, त्याच सुरात, सासूबाई पुढे निघून गेल्यासुद्धा होत्या. “मग डावं चार, लांब.”

त्या क्षणी भिंगरीला उमगलं. इथे कठडा असता तर ही बाई पुढचं वाक्य कशाला वाचत बसली असती? ती उंचवट्याच्या पलीकडे जाऊन त्याची वाट बघत होती. त्यानं पाय होता तिथेच दाबून धरला. गाडी उंचवट्यावरून सुटली, क्षणभर चारही चाकं अधांतरी, आणि मग पलीकडे धूळ संपलेली, समोर लख्ख लांबलचक डावं चार. भिंगरी हेल्मेटच्या आत ओरडून हसला. शेजारून करडा आवाज आला, “हसू नका, ऐका. उजवं तीन.”

त्या टप्प्यापुरत्या फक्त तीन गाड्या त्यांच्याहून वेगवान ठरल्या. सगळं मिळून नाव निम्म्याच्या वर आलं, जेमतेम, दाराच्या फटीतून आत शिरावं तसं. पण आलं. बायकोनं निकालाच्या फळ्यावर बोट ठेवून ते दोनदा मोजून पाहिलं आणि मग आईच्या गळ्यात पडली. नवऱ्याची पाळी नंतर आली.

काका गाडीभोवती एक चक्कर मारून आले. चारही चाकं जागेवर होती. खिशातून किल्ली काढून ते भिंगरीपाशी आले, थांबले, आणि एक पाऊल पुढे जाऊन त्यांनी ती सासूबाईंच्या हातावर ठेवली.

“हंगामभर गाडी तुमची, बाई. चालवायला कुणाला घ्यायचं ते तुम्ही ठरवा.”

सासूबाईंनी किल्ली पदराला बांधली. धुळीनं माखलेल्या जावयाकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं, नव्या नटाची तालीम पाहावी तसं. भिंगरी अंग चोरून उभा राहिला. पाचव्यांदा नवखा झालेला माणूस, आणि चेहऱ्यावर तेच जुनं सुख.

“पाठांतर कच्चं आहे,” त्या म्हणाल्या, “पण ऐकतात. चालतील.”