गुणसूत्रं नॉर्मल आल्यावर

बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत सुनेच्या बाळाच्या मानेमागचं पाणी जास्त निघालं. तेवढ्या दिवसांत प्रत्येक बाळाच्या मानेमागे थोडं पाणी असतंच. आमच्या बाळाचं बरंच जास्त होतं. गुणसूत्रांत दोष असला तर असं होतं, म्हणून वारेचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. आमचं गाव तळा तालुक्यात, तपासण्या पनवेलला. गाडी, मुलाची रजा, डबा, फाईल, सगळं मी माझ्याकडे घेतलं. हाताला काम असलं की डोकं गप्प बसतं.

गुणसूत्रं नॉर्मल आली. मोठ्या जाऊबाईंनी दुसऱ्याच दिवशी पालीला जाऊन गणपतीपुढे नारळ फोडला आणि येऊन आळीत पेढे वाटले.

पनवेलच्या डॉक्टरीणबाई रिपोर्ट देताना मात्र हसल्या नव्हत्या. "एक कारण गेलं," त्या म्हणाल्या होत्या. "पाणी का वाढलं ते अजून कळलेलं नाही. अशी पुष्कळ बाळं ठणठणीत जन्मतात. पण हृदय बघितल्याशिवाय मी तुम्हाला मोकळं सोडणार नाही. सोळाव्या आठवड्यात या."

मी तारीख तिथेच घेतली. जाऊबाईंना ते पटेना.

"नॉर्मल हाय ना? मग पोरीला कशाला हिंडवतेस गो?"

"हृदय बघायचंय, अक्का."

"आमच्या वक्ताला कुणी बघितलं व्हतं? पाच झाली, पाचही म्हशीसारखी धडधाकट."

"म्हशीसारखी, हे खरं," मी म्हटलं. सून खुदकन हसली. तिला हसताना पाहून मलाही क्षणभर वाटलं, कशाला जायचं? पण गेलो.

सोळाव्या आठवड्यात हृदयाची डावी बाजू फार लहान दिसली. मुंबईच्या हृदयाच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. ती बाजू पुरेशी वाढणार नव्हती. जन्मल्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया, त्यानंतरही भरवसा नाही. नाहीतर गरोदरपण आत्ताच थांबवायचं. मुलगा जमिनीकडे बघत होता. मी विचारायचे प्रश्न लिहून नेले होते, पण सून आधी बोलली.

"त्याला आत्ता त्रास होतोय का?"

"नाही. आत आहे तोवर त्याला सगळं तुमच्याकडून मिळतंय. अडचण बाहेर आल्यावर."

"म्हणजे माझ्याकडे ते बरं आहे," ती म्हणाली.

घरी आल्यावर दोघं दोन दिवस खोलीत बोलत होती. मी आत गेले नाही, जाऊबाईंनाही जाऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मुलानं सांगितलं, थांबवायचं. भरती व्हायला गुरुवार मिळाला.

तोवर सून वेळेवर जेवली. भाजी उरू दिली नाही, दूध प्यायली, लोहाची गोळी चुकवली नाही. आता त्या गोळीची गरज नाही, हे सांगायला मी एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. बुधवारीही जेवण झाल्यावर तिनं गोळीसाठी हात पुढे केला. मी गोळी दिली, पाणी दिलं.