तळेगावात चढवलेली सीट

चिंचवड, तळेगाव, चाकण आणि मोशीवरून परत चिंचवड अशी फेरी सायकलवर मारायचा कुणाचा विचार असेल, तर माझा सल्ला आधीच सांगून टाकतो: निघण्यापूर्वी सीट बघा. हवा, ब्रेक, चेन हे सगळे बघतातच. सीटकडे कोणी बघत नाही, कारण तिच्यावर आपणच बसलेलो असतो. पन्नासच्या दशकाच्या शेवटी मी ही फेरी मारली, तेव्हा सीटपायी माझं लग्न मोडता मोडता राहिलं.

मी मूळचा साताऱ्याकडचा. पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात नुकताच लागलो होतो आणि चिंचवडगावात एका खोलीत मित्रांबरोबर राहत होतो. नोकरी पक्की, तब्येत धडधाकट, डोक्यावर भरपूर केस. तरी लग्न जमेना. इकडच्या शेतकऱ्यांना तेव्हा कारखान्यातला जावई नको असायचा. दोन ठिकाणी मुली पाहून झाल्या आणि दोन्हीकडचे पाहुणे "कळवतो" म्हणाले. पाहुण्यांनी कळवतो म्हटलं की ते कळवत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. शेवटी माझ्या बाबूमामानं चाकणचं स्थळ काढलं. मामा तळेगावला काचेच्या कारखान्यात होता. त्याचा निरोप आला, "एवढं शेवटचं. ह्ये जमलं न्हाई तर तुझं तू बघ."

एसटीच्या मोटारीनं गेलो असतो तर लिहायला काही उरलंच नसतं. पण सायकलवरून आलेला मुलगा नोकरीवाला दिसतो, असं मामाचं ठाम मत होतं. माझी सायकल नव्हती. कारखान्यातल्या नानांची मागून घेतली. नाना मनानं मोठे, पण उंचीनं माझ्या खांद्यालाही लागत नसत. त्यामुळे त्यांची सीट पार खाली दांड्यात बसलेली. तेव्हा सगळेच म्हणायचे की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले म्हणजे सीट बरोबर. माझे तर टेकून वर उरत होते. मला वाटलं, यापेक्षा चांगली सीट कुठली!

माघ महिना होता. सकाळी कोट घालून निघालो. आज आकुर्डीचं नाव काढलं की दुचाक्यांचा कारखाना आठवतो, पण तेव्हा तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती आणि राखणदार माळ्यावरून हाका घालत होते. निगडीपर्यंत मजेत गेलो. पुढे देहूरोडचा चढ लागला, लष्कराचे ट्रक अंगावरून जायला लागले आणि माझे गुडघे बोलू लागले. पायडल वर आलं की गुडघा जवळजवळ छातीला लागायचा. देहूरोडला चहा घेतला आणि गरम भजी खाल्ली. इतकी झकास भजी की गुडघे विसरलो. पुन्हा बसल्यावर आठवले. सोमाटण्यावरून तळेगावात शिरलो तेव्हा मी सायकल चालवत नव्हतो, ढकलत होतो.

मामीनं गुडघ्यांना तेल चोळायला दिलं. मामानं सायकलीला एक चक्कर मारली आणि निदान केलं.

"सीट खाली हाय लेका. वर घे."

निदान अगदी बरोबर होतं. औषधात घोळ झाला. मामानं कारखान्यातून आणलेला पान्हा काढला, सीटचा नट सैल केला आणि दांडा वर ओढत राहिला. मी म्हटलं, "बास, मामा." तो म्हणाला, "आरं, पोरगी उंच हाय म्हनत्यात. तू वरनं आलेला दिसाया पायजेस. रुबाब पायजे." सीट जवळजवळ हँडलच्या वर गेली. तिथे ती घट्ट बसेना, म्हणून मामानं पुढचं टोक थोडं वर करून नट आवळला. "आता फुडं घसरायचा न्हाईस," असं म्हणून त्यानं पान्हा माझ्या कापडी पिशवीत टाकला आणि पिशवी हँडलला अडकवली. लांबून सायकल फार छान दिसत होती, हे मान्य करतो.

ज्यांना आज हा रस्ता करायचा आहे त्यांना सांगतो, तळेगावाहून चाकणला जाणारा भाग या फेरीतला सगळ्यात देखणा होता. इंदोरीला इंद्रायणी, उजवीकडे भंडाऱ्याचा डोंगर, मग सुदुंबरे, खालुंब्रे, म्हाळुंगे अशी गावं एकामागून एक येत. आता तिथे कंटेनर धावतात, तेव्हा बैलगाड्या होत्या आणि रस्ता मुरमाचा. प्रत्येक खड्ड्याला सीटचं टोक मला जिथे लागू नये तिथे लागत होतं. पायडलला पाय पुरत नव्हते म्हणून मी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलत होतो. मामा आपल्या सायकलवर आरामात शेजारून चालला होता आणि "काय हवा हाय!" म्हणत होता. मला त्या हवेचं काहीही सुख नव्हतं. म्हाळुंग्याच्या पुढे मी उतरलो आणि लक्षात आलं की मला पाय जवळ घेता येत नाहीत.

चाकणला मुलीचे वडील दारातच उभे होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. उंच, पागोटेवाले, मोजकं बोलणारे. कांद्याची शेती आणि बैलांचा नाद. मी सायकल लावली आणि अंगणातून ओसरीपर्यंत गेलो. एवढ्याशा अंतरात त्यांची नजर माझ्या तोंडाकडे एकदाही आली नाही. ती माझ्या पायांवर होती.

घोंगडीवर मांडी घालून बसणं ही तर शिक्षाच होती. मी एका अंगावर रेललो, मग दुसऱ्या. पोहे आले, आणि पोह्यांबरोबर सुमन आली. हिरवं लुगडं, सावळा रंग, मान खाली. मामानं नाव विचारलं, तिनं सांगितलं. स्वयंपाक येतो का विचारलं तर म्हणाली, "येतो. मोट पन हाकता येती." मामाला हसू आलं, तात्यांना नाही. मला मात्र त्या क्षणी ती इतकी आवडली की आता ही नाही म्हणाली तर काय, या विचारात माझे पोहे तसेच राहिले. तोवर स्थळ मामाच्या हट्टाचं होतं. तिथून पुढे ते माझं झालं. उठताना मला ओसरीच्या खांबाला धरून उभं राहावं लागलं, आणि जरा वेळ तसाच धरून राहिलो.

त्या दिवशी चाकणचा बाजार होता. तात्या म्हणाले, "चला पाव्हनं, जरा बाजारातनं चक्कर मारू. मला एक बैल बगायचाय." सायकली अंगणातच ठेवून आम्ही निघालो. चाकणच्या बाजारात कांद्याचे ढीग, मिरची, घोंगड्या आणि एका अंगाला जनावरं. एरवी मी तिथे दिवस काढला असता. तात्यांनी एक खिलार बैल पसंत केला. दात पाहिले, खांदा चाचपला आणि मालकाला म्हणाले, "चालवून दाव." मालकानं बैल चालवला. तात्या मागे उभे राहून नुसती चाल बघत राहिले. मग मान हलवली आणि पुढे झाले. बैल मागचा डावा पाय किंचित फेकत होता म्हणे. मला काही दिसलं नाही.

मग ते माझ्याकडे वळले. "पाव्हनं, तुमी व्हा म्होरं. आमी येतो मागनं."

मी चार पावलं गेलो आणि लख्ख कळलं की आता मला चालवून बघतायत. सरळ चालायचा प्रयत्न केला, तर जास्तच फेंगडा चालू लागलो. मागून तात्यांचा आवाज आला. त्यांना वाटत होतं ते हळू बोलतायत.

"पोराला पायाचं कायी दुखनं हाय का वो?"

"छ्या छ्या, तात्या! सायकलीवरनं आलाय न्हवं."

"सायकलीवर मानूस बसून येतो. बसून कसा काय लंगडंल?"

तात्या जन्मात सायकलवर बसले नव्हते. चावडीपाशी त्यांना कोणी भेटलं म्हणून ते थांबले आणि निरोप घेताना म्हणाले, "बरं, कळवतो."

मी आणि मामा तात्यांच्या अंगणात परत आलो. सुमनच्या आईनं भाकरी आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून दिली. मामा आल्या वाटेनं तळेगावला गेला आणि मी मोशीच्या वाटेला लागलो. मन इतकं उतरलं होतं की कुरुळी मागे पडेस्तोवर मला कळलंच नाही की काहीच दुखत नाहीये. उतरून पाहिलं. सीट खाली आली होती, पण नानांएवढी नाही. टोकही सपाट झालं होतं. मामाला शेवटी अक्कल आली म्हणायची, असं मनाशी म्हणालो आणि पुन्हा टांग मारली.

काय चालली म्हणून सांगू ती सायकल! टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेलं की पाय सरळ होत होता, आणि चवड्यानं मारलं की गुडघ्यात हवा तेवढाच वाक राहत होता. पुढे सीट लावायची माझी रीत हीच झाली. नातीची महागातली सायकलसुद्धा परवा मी याच रीतीनं लावून दिली, आणि तिची कंबरदुखी थांबली. पाय टेकण्याचं विसरा. थांबायचं असलं की एक चवडा टेकला तरी पुरतो. टोक सपाट ठेवा, आणि बदल करायचा तर थोडाथोडा करा, मामासारखा एका दमात नको. मोशीला इंद्रायणीच्या काठी बसून भाकरी खाल्ली. चटणी झणझणीत होती. चिखलीवरून आत शिरलो, कांद्याच्या वाफ्यांतून, विहिरींवरच्या मोटांच्या कुरकुरीतून. मोट दिसली की सुमन आठवायची. शरीराला इतकं सुख आणि मनाला इतकं दुःख एकाच वेळी मला पुन्हा कधी झालं नाही.

सायकल परत केली आणि चाकणचा विषय मनातून काढायचा ठरवलं. तो काही निघाला नाही. मग एका संध्याकाळी शिफ्ट सुटली. मी गर्दीतून बाहेर पडून चहाच्या टपरीच्या पुढे गेलो असेन, तोच मागून हाक आली.

"पाव्हनं, थांबा की!"

मागे तात्या. पागोटं, काठी, आणि चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू.

"कवाच्या मोटारीनं येऊन उभा हाय. म्हनलं, बाजारात जनावर दावायचं म्हनून चालवत्यात. खरी चाल रानात दिसती." ते माझ्या पायांकडे समाधानानं बघत म्हणाले, "सरळ हाय की वो!"

मी म्हटलं, "तात्या, ते त्या दिवशी सीटमुळं..."

"व्हय, पोरगी पन त्येच म्हनली. म्हनली, त्यास्नी कायी दुखनं न्हाई, सायकलीचं दुखनं हाय. तुमी जाऊन बगून या. रोज मागं लागली हुती."

त्या टपरीवर आम्ही चहा घेतला आणि माझं लग्न ठरलं. मी मामाला आनंदानं मिठी मारून सीटबद्दल आभार मानले, तर तो म्हणाला, "म्या कुठं हात लावला? मला वाटलं तूच केलीस." तेव्हा आम्ही दोघांनी तो विषय तिथेच सोडला. लग्नाच्या गडबडीत सीटची चौकशी कोण करतो?

लग्नानंतर आम्ही चिंचवडला वेगळी खोली घेतली. स्वतःची सायकल घेतली त्या संध्याकाळी मी दारात बसून पायडल फिरवत सीट लावत होतो, जमत नव्हती. सुमन भाकऱ्या टाकायच्या थांबवून बाहेर आली आणि म्हणाली, "उभं ऱ्हावा बगू शेजारी." मी उभा राहिलो. तिनं माझ्या कमरेच्या हाडापाशी सीट आणली, टोक नजरेच्या अंदाजानं सपाट केलं आणि पान्हा माझ्या हातात दिला. बसून पाहिलं. मोशीच्या रस्त्यावर होती तीच सीट.

"चाकणला तूच केलीस?"

"मग कोन करनार? तुमी बाजारात गेल्ता, आई चुलीपाशी. पिशवीत पान्हा व्हता. तुमी खांबाला धरून उभं व्हतात ना, कंबर खांबाच्या गाठीला लागली हुती. सायकल ओसरीवर खांबाशी नेली आन् सीट गाठीएवढी केली."

मी थक्क झालो. म्हटलं, "अगं, पण तू तर सगळा वेळ मान खाली घालून बसली होतीस!"

"म्हनूनच की," ती म्हणाली. "मान खाली घातल्यावर दुसरं काय दिसनार? पाय आन् कंबर, तेवढंच दिसलं. तोंड तर म्या अंतरपाट निघाल्यावर बघितलं."

आणि भाकरी करपते म्हणून आत गेली. या फेरीतून मी घरी काय आणलं असं कोणी विचारलं, तर ती आत स्वयंपाकघरात बसली आहे. आता तिला नीट दिसत नाही, पण मी खुर्चीतून उठून गॅलरीपर्यंत गेलो की अजून पावलांच्या आवाजावरून विचारते, "आज उजवा पाय दुखतोय व्हय?" आणि दुखत असतो.