दोन इंच उंच

माझी गाडी एवढी उंच का, असं आजवर कितीतरी जणांनी विचारलं. कंपनीतल्या लोकांनी विचारलं, गल्लीतल्या पोरांनी विचारलं, जावयानं तर खाली वाकून बघितलं. सगळ्यांना माझं एकच उत्तर — शेताच्या वाटेला ओढा आहे, खालून दगड लागतात. ते खोटं नाही. ओढा आहे, दगडही आहेत. पण खरं कारण मी कुणालाच बोललेलो नाही. बायकोला नाही, देवापुढंही नाही. आज तुम्हाला सांगतोय. हलकं वाटावं म्हणून नाही — माझा मलाच इतका संताप येतो की तो आता आत मावत नाही, म्हणून.

आधी आक्काबद्दल सांगतो. तिच्याशिवाय यातलं काहीच कळणार नाही.

आक्का माझी थोरली बहीण. लग्न करून गेली आणि वर्षा-दोन वर्षांत परत आली. का आली, ते आमच्या घरात कधी बोललं गेलं नाही. आमचं गाव पाचोडच्या अलीकडं. मी शहरात शिकलो, नोकरीला लागलो. तिनं तिकडं आप्पांच्या मागं शेती सांभाळली. मोसंबीची बाग तिनं लावली — खड्डे तिनं खणून घेतले, कलमं तिनं आणली, पहिला उन्हाळा डोक्यावर घागरी वाहून झाडं जगवली. मी तेव्हा काय करत होतो? कॉलेजच्या कट्ट्यावर बसून चहा पीत होतो. आप्पा गेले आणि सातबाऱ्यावर आमची दोघांची नावं लागली. मग एक दिवस विहिरीच्या कडेला आक्काचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली. डाव्या हातात काठी आली आणि उजवा पाय एका उंचीच्या वर उचलेनासा झाला. दवाखाना जवळ पडावा म्हणून इथं शहरात, उस्मानपुऱ्यात, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, तिला खोली बघून दिली.

दर रविवारी मी तिला शेतात न्यायचो. गाडी नवी घेतली तेव्हा तिनं गाडीकडं पाठ केली, आधी सीटवर टेकली, मग दोन्ही पाय हातानं उचलून आत घेतले. कुणाचा हात लागला नाही. लई खूश झाली.

"संजू, ही गाडी माझ्या मापाची केलीय रं!"

खरंच होती. साध्या कारमध्ये तिला खाली बसावं लागायचं, खुबा दुखायचा. जीपमध्ये वर चढावं लागायचं. ही मधली. सीट बरोबर तिच्या मापाला.

आता माझं सांगतो. शेतात गेलं की आक्का लिंबाखाली बाजेवर बसायची आणि नामदेव — आमचा सालगडी — येऊन तिच्यापुढं उभा राहायचा. माझ्यापुढं नाही. पाणी कुठवर आलं, फवारणी कधी करायची, कुठलं झाड वाळतंय, सगळं तिला विचारून. आणि मी? मी ड्रायव्हर. कंपनीत माणसं मला साहेब म्हणतात, इथं मी गाडीची किल्ली बोटात फिरवत उभा. एकदा बाग बघायला व्यापारी आला. मी त्याच्याशी बोलत होतो, सौदा जमत आला होता. तेवढ्यात बाजेवरून आक्का म्हणाली, "संज्या, तू गप बस. तुला झाडावरचा माल कळत नाय, सौदा काय करतो?" नामदेव हसला. व्यापारी हसला, आणि माझ्याकडं पाठ करून तिच्यापुढं जाऊन बसला. तिनं सौदा माझ्यापेक्षा चांगला केला. चुकीचा केला असता तर मी विसरलोही असतो.

आणखी एक होतं. रस्त्याला लागून असलेला जमिनीचा तुकडा प्लॉट पाडायला द्यावा, असं माझ्या मनात होतं. आक्का म्हणाली, "मी मेल्यावर." विषय संपला. तिची सही नाही तर काहीच नाही.

हे मी का सांगतोय? तुम्हाला माझी बाजू कळावी म्हणून? नाही. माझी बाजूच नाही. पन्नाशीतल्या माणसाला बहिणीनं चारचौघांत गप बस म्हटलं, एवढंच झालं होतं. एवढ्यासाठी माणूस काय काय करतो ते बघा.

ओढ्यात गाडी खालून घासायची. एका पावसाळ्यानंतर मोठा दगड लागला, खालचा पत्रा चेपला. तेव्हा कुणीतरी पडेगावचं गॅरेज सांगितलं, गाड्या उंच करून देणारं. मी गेलो. मेकॅनिक बोलका होता. स्प्रिंगच्या जोडीला स्पेसर म्हणून जाड कडं बसवतात, चाकं तिथंच राहतात आणि गाडीचं धड वर उचललं जातं, हे त्यानं मला हातानं करून दाखवलं. म्हणाला, ओढ्यापुरतं एक इंच बस झालं. मी म्हणालो, दोन कर. टायरही मोठे टाक.

त्यानं फडक्याला हात पुसले आणि विचारलं, "साहब, घर में कोई बुजुर्ग हैं क्या? दो इंच करे तो सीट ऊपर जाती. बाजू में पायदान लगा देतूं, आराम से चढते."

मी म्हणालो, "कोई नहीं."

बस. एवढंच बोललो — घरात म्हातारं माणूस कुणी नाही. पायदान नको. तो बिचारा कामाला लागला, आणि मी समोरच्या टपरीवर बसून गाडी वर जाताना बघत राहिलो. मला काय वाटत होतं सांगू? बरं वाटत होतं. गाडी रुबाबदार दिसत होती.

त्या रविवारी आक्का नेहमीसारखी तयार होऊन गल्लीत उभी. डब्यात नामदेवच्या बायकोसाठी काहीतरी घेतलेलं. तिनं सवयीनं गाडीकडं पाठ केली आणि मागं टेकायला गेली. सीटची कड तिच्या कमरेत लागली. परत केलं. परत तेच. मग काठी खाली पडली. समोरच्या गॅलरीत बाया उभ्या होत्या. आक्का हसली.

"आगं बाई, गाडी वाढली का मी खुजी झाले?"

मी दार धरून उभा होतो. नुसता दार धरून. तिला उचलायला काय ताकद लागली असती? वाळलेलं अंग तिचं. मी म्हणालो, "राहू दे आक्का आज, उशीर होतोय," आणि एकटा निघून गेलो. त्या दिवशी नामदेव माझ्यापुढं येऊन उभा राहिला. बाजेवर मी बसलो.

पण आक्का ऐकणारी नव्हती. पुढच्या रविवारी न्हाणीतलं प्लास्टिकचं स्टूल घेऊन आली. त्यावर पाय ठेवून, माझ्या खांद्याला धरून चढली. शेतात पोचल्यावर पोरीसारखी खूश. परत निघताना नामदेवनं स्टूल धरलं, ती बसली. त्यानं स्टूल डिकीत ठेवलं. मी डिकी लावायला मागं गेलो, ते काढलं आणि कडब्याच्या गंजीमागं टाकून दिलं. घरी आल्यावर तिला सांगितलं, तिथंच विसरलं. पुढच्या वेळी सांगितलं, मोडलं.

"मग दुसरं घेते की," ती म्हणाली.

तेव्हा मी जे केलं ते या सगळ्यात वाईट आहे. मी तिच्याजवळ बसलो. पाठीवर हात ठेवला. म्हणालो, "आक्का, स्टूल हललं आणि पडलीस तर? डॉक्टर काय म्हणाले? परत मोडलं तर उठणं नाय. जन्मभर अंथरुणावर." हळू आवाजात, काळजीनं बोललो. आणि तिच्या तोंडावर भीती उतरताना बघितली. विहिरीत उतरून मोटार काढणारी बाई ती. बांधावरचा साप काठीनं उचलून लांब टाकणारी. तिला मी घाबरायला शिकवलं.

"व्हय रं," ती म्हणाली. "खरं हाय तुझं."

त्यानंतर तिनं विचारलं नाही. रविवारी मी निघालो की दारात येऊन उभी राहायची. झाडांना काय सांगायचं ते मला सांगायची. मी मान हलवायचो आणि वाटेत विसरायचो.

मग एक दिवस तीच म्हणाली, "माझ्यानं आता बागेत जाणं व्हत नाय. नाव ठिऊन काय करू? तुझ्या नावावर करून टाक." मी म्हणालो, कशाला गं आक्का, राहू दे. दोनदा म्हणालो. म्हणायची पद्धत असते. तिसऱ्यांदा गप बसलो.

हक्कसोडपत्र करायला पैठणच्या कचेरीत जायचं होतं. कशी नेली असेल तिला? — भाड्यानं गाडी सांगितली. साधी, खाली बसणारी कार. दार उघडून, हात देऊन, पाठीमागं उशी ठेवून नेली. म्हणजे करता येत होतं. जेव्हा माझं काम होतं तेव्हा सगळं करता आलं. तिनं अंगठा नाही, सही केली — मोठ्या, वळणदार अक्षरात. परत येताना म्हणाली, "संजू, पाचोडवरून जाऊ. जरा फेरा पडंल, पण पाच मिनिटं बाग बघते." मी म्हणालो, ड्रायव्हरला घाई आहे. ड्रायव्हर म्हणाला, "मला काय घाई नाय काका." मग मी म्हणालो, ओढ्याला पाणी आहे. ओढा कोरडा ठणठणीत होता. तिनं परत विचारलं नाही.

बाग आता नाही. रस्त्याकडचा तुकडाच देणार होतो, पण घेणाऱ्याला सगळीच हवी होती, आणि मला अडवणारं कुणी नव्हतं. जेसीबीनं झाडं मुळासकट काढली. नामदेवला मी थांब म्हणालो होतो. तो थांबला नाही. मग मी सगळ्या नातेवाइकांना, गावातल्यांना सांगितलं — आक्काला कळू देऊ नका, तिला धक्का बसेल, तब्येत नाजूक आहे. लोक चांगले असतात हो. सगळ्यांनी ऐकलं. माझी काळजी बघून काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. चुलत पुतण्याच्या लग्नात आक्का बायकांत बसून सांगत होती, माझ्या हाडाला काय होऊ नये म्हणून भाऊ मला शेतात नेत नाय. एक मावशी माझ्याकडं बघून म्हणाली, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. आणि मी काय केलं? जिलेबी खात होतो, ती खाल्ली. अजून एक घेतली. त्या तोंडावर तेव्हाच कुणीतरी मारायला हवं होतं.

आता हंगामात मी हातगाडीवरून मोसंबी घेतो, जुन्या गोणपाटाच्या पिशवीत भरतो आणि आपल्या बागेतली म्हणून आक्काकडं नेतो. मागच्या वेळी तिनं एक सोललं. साल बोटात धरून बघितली.

"साल जाड लागतीय रं. पाणी कमी देतो व्हय?"

"व्हय," मी म्हणालो, "कमीच पडलं."

मग ती मला बोलली. चांगलं खडसावलं. कुठल्या ओळीला पाणी आधी सोडायचं, विहिरीकडची झाडं जास्त पितात, ओढ्याकडच्या झाडांना शेणखत घाल, कोपऱ्यातल्या त्या एका झाडाची फांदी छाट, ते नेहमी रुसतं. एकेक झाड तिला पाठ. मी समोर बसून हो हो करत होतो.

आणि आता राहिलेलं सांगतो. वर तुम्हाला असं वाटलं असेल की गॅरेजमध्ये मेकॅनिकनं विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं. मीच तसं वाटू दिलं. आत्ता, कबूल करायला बसलो तरी वाटू दिलं. तसं नव्हतं. गॅरेजला जायच्या आधीच्या आठवड्यात मी बायकोची शिलाईची टेप घेतली होती. आधी गाडीची सीट जमिनीपासून मोजली. मग आक्काकडं गेलो, ती ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून माझ्यासाठी चहा करत होती, तेव्हा तिच्या मागं उभं राहून नजरेनं तिची कमर कुठं येते ते बघितलं. एक इंचानं ती अडली नसती. म्हणून दोन.

चहा पिऊन आलो. चांगला झाला होता.

मला कुणी माफ करावं असं मी म्हणत नाही. आक्कानं तर नाहीच, तिला हे माहीतच नाही. पाय अधू होता म्हणून तिची बाग सुटली नाही. मला ती तिथं नको होती. रविवारी मी तिच्याकडं जाणार आहे. हे सांगायला नाही. मोसंबी द्यायला.